मेंदूचे अणुवैद्यकीय चित्रण

शिरेतून अल्प मात्रेत किरणोत्सारी औषध देऊन ते मेंदूत कुठे आणि किती साठते हे टिपणारी तपासणी. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, इथे त्याचे काम दिसते. पेट (PET) आणि स्पेक्ट (SPECT) हे तिचे दोन प्रकार.

सर्वाधिक वापर एफडीजीचा, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेल्या साखरेचा. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के खातो. जिथले काम मंदावले तो भाग साखर कमी ओढतो आणि चित्रात फिका पडतो. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा वेळ) ११० मिनिटे, त्यामुळे ते बनवणारे यंत्र, सायक्लोट्रॉन, फार लांब असून चालत नाही. भारतात पेटची सुरुवात २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात आणि इंजेक्शननंतर मंद उजेडाच्या खोलीत गुपचूप पडून राहायला सांगतात. नातेवाइकांना हे जरा अतीच वाटते. पण रुग्ण मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसला, तर दृष्टीचा भाग उगाच उजळतो.

अल्झायमरमध्ये कानशिलाकडचे आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचे भाग आधी फिके पडतात, फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशात कपाळामागचा. हात थरथरतो म्हणून तो कंपवातच (पार्किन्सन), असेही नाही. मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी दाखवणाऱ्या ट्रोडॅट स्कॅनमध्ये निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी गळून पूर्णविराम उरतात. इसेन्शियल ट्रेमर या थरथरीच्या वेगळ्या आजारात स्वल्पविराम शाबूत असतात. मात्र कंपवात आणि त्याच्यासारखेच दिसणारे एमएसए (मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी), पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) हे आजार यांतला फरक या स्कॅनवरून ठरत नाही.

रेडिएशननंतर मेंदूतली कर्करोगाची गाठ परत आली की नुसती मृत पेशींची जागा आहे, हे पाहायलाही पेट वापरतात. पण निरोगी मेंदूच साखर इतकी खातो की गाठ त्यात लपते. म्हणून तिथे साखरेऐवजी अमिनो आम्लाचे ट्रेसर (किरणोत्सारी औषध) बरे.

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेआधी फिटचा उगम शोधावा लागतो. एरवी तो भाग पेटवर फिका असतो, फिट चालू असताना मात्र तिथे रक्त धावते. ते स्पेक्टवर पकडायला रुग्णाला व्हिडिओ-ईईजीवर, म्हणजे कॅमेरा आणि मेंदूतल्या विद्युत लहरींच्या सततच्या नोंदीखाली, ठेवतात. टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचे औषध भरून तयार असते. फिट सुरू होताच ते काही सेकंदांत शिरेत जायला हवे. औषध मेंदूत जिथे पोचले तिथेच अडकून राहते, म्हणून चित्र तास-दीड तासाने, रुग्ण शांत झाल्यावर काढले तरी चालते. इंजेक्शनला उशीर झाला, तर उगमाऐवजी फिट जिथवर पसरली तो भाग उजळतो. म्हणून अहवाल वाचणारा आधी इंजेक्शनची वेळ विचारतो.