जुना वर्कस्टेशन लॅपटॉप, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि विंडोज का लिनक्स: हा घोळ आला कुठून

मागच्या महिन्यात भाचा अहमदपूरहून आला, लॅपटॉपची जड बॅग खांद्यावर, आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू, "मामा, लोगो येतो अन् मग स्क्रीन काळीच पडायली." सेकंडहँड वर्कस्टेशन लॅपटॉप, सहाव्या पिढीचा आय७, एनव्हिडिया कंपनीचं मॅक्सवेल पिढीचं क्वाड्रो ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग. इंजिनिअरिंगच्या लेकरांत सध्या हेच चाललंय, नवा वर्कस्टेशन लॅपटॉप घ्यायचा तर लाखाच्या पुढं जातो, मग पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेल्या मशीन त्याच्या चौथाई पैशात मिळतात त्या घ्यायच्या. मशीन वाईट नसतात, उलट लई दणकट असतात. पण भाच्यानं पंधरा दिवसांत तीनदा ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बदलली होती, आधी विंडोज १०, मग जुगाड करून विंडोज ११, मग कुणीतरी सांगितलं म्हणून लिनक्स, आणि दरवेळी ड्रायव्हर, म्हणजे ओएस आणि कार्ड यांचं बोलणं जुळवून देणारं सॉफ्टवेअर, नंतर शोधत बसला.

मी वाळूजला फिक्स्चर आणि गेजच्या डिझाइनचं काम करतो, त्यामुळं अशी मशीन कायम समोर येतात आणि सगळ्यांचं हेच चुकतंय असं मला मनापासून वाटतं. आधी ओएस आणि मग ड्रायव्हर, हा क्रमच उलटा आहे. आधी कार्डाची पिढी बघायची, त्या पिढीला शेवटचा ड्रायव्हर कोणता मिळालाय ते बघायचं आणि त्यावरून ओएस ठरवायची. हे असं का झालं ते समजायला मात्र बरंच मागं जावं लागतं.

ऑटोकॅड हे ऑटोडेस्क कंपनीचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर १९८२ ला आलं तेव्हा डॉस या विंडोजच्या आधीच्या ओएसमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर अशी सामायिक गोष्टच नव्हती. डॉस फायली सांभाळायचं, चित्र काढायचं काम ज्या त्या प्रोग्रामनं आपापलं बघायचं. म्हणून ऑटोडेस्कनं एडीआय नावाची एक पद्धत काढली, कार्डवाल्या कंपनीनं खास ऑटोकॅडसाठी वेगळा ड्रायव्हर लिहायचा, तो फ्लॉपीत यायचा, आणि तो नसला तर महागडं कार्ड असून उपयोग शून्य. म्हणजे कार्ड चांगलं आहे पण ड्रायव्हर जुळेना, हे दुखणं विंडोजच्याही आधीचं आहे.

त्याच काळात मोठं थ्रीडी काम व्हायचं ते युनिक्स वर्कस्टेशनवर. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचं उदाहरण घ्या, मशीन त्यांचं, ग्राफिक्सची चिप त्यांची, आयरिक्स नावाची ओएस त्यांची आणि ड्रायव्हरही त्यांचाच. किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची, पण कोणती ओएस टाकू हा प्रश्नच तिथं नव्हता, बिघडलं तर एकाच घरी जायचं. ओपनजीएल, म्हणजे सॉफ्टवेअरनं कार्डाला चित्र काढायला सांगायची सामायिक भाषा, त्यांच्याकडूनच आलं, १९९२ ला. माझ्या मते आजच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथंच आहे, जे चार भाग एका घरात होते त्यांच्या पुढं वाटण्या झाल्या. चिप एकाची, लॅपटॉप दुसऱ्याचा, ओएस तिसऱ्याची, सॉफ्टवेअर चौथ्याचं, आणि ड्रायव्हर म्हणजे या चौघांमधला करार. प्रत्येकाची मुदत वेगळी.

वाटण्या झाल्या त्या ९० च्या दशकात. सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर १९९५ ला आलं ते विंडोजवरच, ऑटोकॅडनं रिलीज १३ नंतर डॉस आणि युनिक्स सोडून दिलं आणि १९९७ चं रिलीज १४ फक्त विंडोजसाठी काढलं. आपल्याकडं वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला होता, त्याच्या आजूबाजूला व्हेंडर उभे राहिले, आणि कागदावरच्या ड्रॉइंगवर चालणाऱ्या त्या छोट्या शॉपमध्ये पुढं जेव्हा कॉम्प्युटर आले ते विंडोजवालेच आले, कारण सॉफ्टवेअरच तिकडं गेलेलं. आजही सॉलिडवर्क्स लिनक्सवर येत नाही. काम त्याच्यावर असेल तर अर्धा निर्णय तिथंच झालेला असतो.

आता विंडोजमध्ये काय झालं ते बघा. एनटी ४.० मध्ये, १९९६ ला, मायक्रोसॉफ्टनं ग्राफिक्सचा बराच भाग कर्नलच्या, म्हणजे ओएसच्या गाभ्याच्या, आत नेला. वेग वाढला हे खरं, पण ड्रायव्हरची एक चूक झाली की सगळी मशीन खाली, निळी स्क्रीन. हे दुरुस्त करायला विंडोज व्हिस्टामध्ये डब्ल्यूडीडीएम नावाची नवी रचना आली, ड्रायव्हरचे दोन तुकडे केले, मोठा तुकडा कर्नलच्या बाहेर काढला. पण त्यामुळं सगळ्या कंपन्यांना ड्रायव्हर नव्यानं लिहावे लागले आणि ते कच्चेच बाजारात आले. मायक्रोसॉफ्टची आतली आकडेवारी नंतर एका खटल्यात बाहेर आली, त्यात २००७ च्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी साधारण २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते.

व्हिस्टानं आणखी एक गोष्ट दिली जी आजही रोज भेटते, टीडीआर. कार्डानं २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हरला मारून परत उठवतं, स्क्रीन एकदा काळी होते आणि खाली मेसेज येतो की डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ नंबर दिसतो. लोक हे बघितलं की विंडोज नव्यानं टाकतात. थांबा जरा, आधी वेळ बघा. फाइल उघडल्या उघडल्या ४१०१ येत असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्या. तासभर मोठी असेंब्ली फिरवल्यावर आणि तेही मे महिन्यात दुपारी येत असेल तर आधी मागचं झाकण काढा. नांदेड-परभणीकडं पारा ४३-४४ ला जातो, जुन्या मशीनमधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला असतो. तिथं कोणती ओएस टाकली तरी तेच होणार.

उष्णतेवरून आठवलं, २००८ ला एनव्हिडियानं स्वतः जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या काही चिपा पॅकेजिंगच्या दोषामुळं निकामी व्हायल्यात, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. चिप तापायची, गार व्हायची, परत तापायची, आणि आतले सोल्डरचे बारीक बंप तडकायचे. स्क्रीनवर उभ्या रेषा दिसायच्या आणि माणसं महिनामहिना ड्रायव्हर बदलत बसायची. रिपेअरवाले हीट गन मारून द्यायचे, थोडे दिवस चालायचं, परत तेच.

लॅपटॉपचं दुखणं डेस्कटॉपपेक्षा वेगळं का, तर इथं लॅपटॉप कंपनी मधी असते. क्वाड्रो १९९९ च्या शेवटी आलं, चिप तीच जी गेमिंग कार्डात, पण ड्रायव्हर कॅडच्या, म्हणजे डिझाइनच्या, सॉफ्टवेअरबरोबर तपासून प्रमाणित केलेला, जास्तीचे पैसे बरेचसे त्या तपासणीचे. लॅपटॉपसाठी तर लई वर्षं ड्रायव्हर फक्त लॅपटॉप कंपनीकडूनच मिळायचा, एनव्हिडियाच्या साइटवरचा टाकला तर हार्डवेअर सापडलं नाही म्हणून तो थांबायचा, मग लोक आयएनएफ फाइल उघडून स्वतःच्या कार्डाचा आयडी हातानं टाकायचे. २००८ च्या शेवटी एनव्हिडियानं लॅपटॉपचे ड्रायव्हर स्वतः द्यायला सुरुवात केली.

मग २०१० ला ऑप्टिमस आलं आणि सगळ्यात मोठी गाठ इथं बसली. बॅटरी वाचावी म्हणून एका लॅपटॉपात दोन ग्राफिक्स, इंटेलचं छोटं आणि एनव्हिडियाचं मोठं. स्क्रीनची वायर इंटेलला जोडलेली, मोठं कार्ड चित्र तयार करून इंटेलच्या हातात देणार. विंडोजमध्ये हे ड्रायव्हरनं सांभाळलं, लिनक्सला सुरुवातीला काहीच दिलं नाही, २०११ ला लोकांनी स्वतः बंबलबी नावाचा प्रकल्प काढून काम चालवलं. २०१२ ला फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात एका बाईनं याच ऑप्टिमसच्या त्रासाबद्दल विचारलं तेव्हा लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. एनव्हिडियाच्या स्वतःच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये नीट सोय यायला २०१९ उजाडलं. चांगल्या वर्कस्टेशन लॅपटॉपात मात्र बायोसमध्येच, म्हणजे ओएस सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, पर्याय असतो, हायब्रिड म्हणजे दोन्ही, का फक्त डिस्क्रीट म्हणजे मोठं कार्ड. हा एक पर्याय कित्येकांना माहीतच नसतो.

एएमडी या दुसऱ्या कार्डवाल्या कंपनीचा रस्ता वेगळा. त्यांनी २००७ पासून चिपांची माहिती उघडी करायला घेतली, २०१५ ला एएमडीजीपीयू ड्रायव्हर थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. म्हणून जुन्या मशीनमध्ये एएमडीचं रेडिऑन प्रो कार्ड असेल आणि काम ब्लेंडर, फ्रीकॅड अशा मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरवर असेल तर लिनक्स टाका, बहुतेक वेळा वेगळं काही शोधावंच लागत नाही.

एनव्हिडियाकडं लोकांनी उलटं इंजिनिअरिंग करून नूवो नावाचा मोकळा ड्रायव्हर बनवला, २०१० ला तो कर्नलमध्ये आला, पण मॅक्सवेलच्या बऱ्याच कार्डांवर तो कार्डाचा पूर्ण वेग काढूच शकत नाही. त्यात २०१२ ला विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं, म्हणजे मशीन सुरू होताना डिजिटल सही तपासायची सोय, आणि सही नसलेला ड्रायव्हर लिनक्स आत घेईना. ड्रायव्हर टाकल्यावर रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, तिथं एनरोल, म्हणजे त्या सहीची नोंद, निवडून आपला पासवर्ड द्यायचा असतो, पोरं घाबरून कंटिन्यू बूट दाबतात आणि मग ड्रायव्हर टाकूनही लोड होत नाही म्हणून रडतात.

मे २०२२ ला एनव्हिडियानं आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग ओपन केला, म्हणजे त्याचा कोड खुला केला. बातमी वाचून सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला. पण तो ओपन भाग चालायला कार्डात जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर लागतो, तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढंच आहे. म्हणजे मॅक्सवेल आणि त्याच्या पुढच्या पास्कल पिढीला ओपन चालत नाही, आणि सगळ्यात नव्या ब्लॅकवेलला ओपनशिवाय चालत नाही. यूट्यूबवर कुणी नव्या लॅपटॉपवर दाखवलेलं जुन्यावर करायला गेलं की फसलंच.

त्यात २०२५ ला दोन्हीकडून मुदत संपली. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट गेला, विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीच्या या मशीन बाहेर. आणि मॅक्सवेल, पास्कलसाठी ५८० ही एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची शेवटची शाखा, तिच्यावर २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या मिळणार. बाजारात आत्ता स्वस्तात येणाऱ्या मशीन बरोबर याच पिढीच्या आहेत, हा काही योगायोग नाही.

भाच्याची मशीन रात्री जेवणं झाल्यावर घेतली. आधी बायोसमध्ये जाऊन डिस्क्रीटचं हायब्रिड केलं, लगेच इंटेलवर स्क्रीन आली, म्हणजे पॅनल गेलेलं नाही एवढं कळलं. मग लिनक्समध्ये टर्मिनल उघडून डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंद, बघितली. त्यात ओळ स्पष्ट लिहिलेली, या कार्डात जीएसपी नाही म्हणून ओपन मॉड्यूल त्याला चालवू शकत नाही. पॅकेज बघितलं तर ५८०-ओपन. तो म्हणाला, "मामा, ओपन म्हणजे चांगलं ना?" चांगलंच, पण याच्यासाठी नाही. ते काढलं, साधं ५८० टाकलं, रीस्टार्टला निळी स्क्रीन आली तेव्हा त्यालाच एनरोल करायला लावलं, आणि एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची अवस्था दाखवणारी कमांड चालवल्यावर कार्डाचं नाव आणि तापमान दोन्ही दिसलं, ५१ डिग्री.

कॉलेजची सॉलिडवर्क्सची आवृत्ती विंडोज १० वर चालते, म्हणून दुसऱ्या खाचेत छोटी एसएसडी बसवून त्यावर विंडोज १० टाकलं, ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवलं. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा, त्या मॉडेलसाठी प्रमाणित केलेला, नवीनातला नवीन नाही. विंडोज अपडेटनं परस्पर दुसरा ड्रायव्हर टाकू नये म्हणून ते सेटिंग बंद केलं. मेल, बँक, बाकी सगळं लिनक्सवरून करायचं असं त्याला सांगितलंय. परवा फोन आला होता, ४१०१ अजून एकदाही आलेला नाही, पण झाकण काढून बघितलं तर पेस्ट वाळलेली आहे म्हणे, उन्हाळ्याच्या आत लातूरला नेऊन बदलून घेतो म्हणालाय.