पिग्मी कॅमेलिऑन: घरी अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं

पिग्मी कॅमेलिऑन म्हणजे आफ्रिकेतल्या जंगलात जमिनीलगत, पालापाचोळ्यात राहणारे बोटाएवढे सरडे. रीपेलिऑन आणि रॅम्फोलिऑन या दोन वंशांतल्या जातींना मिळून हे नाव वापरतात, मादागास्करचे ब्रुकेसिया पण असेच इवलेसे असतात पण त्यांचा वंश वेगळा. युरोप-अमेरिकेत घरी पाळणाऱ्यांकडे जास्त करून दिसतो तो दाढीवाला पिग्मी, रीपेलिऑन ब्रेव्हिकॉडेटस, मूळचा टांझानियातल्या उसांबरा, उलुगुरू डोंगरातला आणि थोडाफार केनियातला. १८९२ मध्ये त्याचं वर्णन झालं, आधी तो रॅम्फोलिऑनमध्येच धरायचे, २००४ मध्ये वेगळा वंश केला. दाढी म्हणजे काय तर हनुवटीखाली लोंबणारे एक-दोन खवले. पूर्ण वाढला तरी शेपटीसकट ७-८ सेंटिमीटर, रंग वाळक्या पानाचा, अंगावर पानाच्या शिरांसारख्या रेघा. कॅमेलिऑन म्हटलं की लोकांना भडक रंगांची जादू बघायची असते, ती इथे फारशी नाही. हातात घेतला की मात्र अंग असं थरथरवतो की मोबाईल व्हायब्रेट झाल्यासारखं वाटतं.

अंड्यांचं काम तसं सोपं आहे. मादी ओलसर मातीत किंवा पानांखाली खड्डा उकरते, दोन-चारपासून नऊ-दहापर्यंत पांढरी, चामड्यासारख्या कवचाची अंडी घालते आणि वरून माती ओढून निघून जाते, पुढे तिचा काही संबंध नाही. टाकीत माती आणि कोकोपीटचा बऱ्यापैकी जाड थर पाहिजे, उकरायला जागा नसेल तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी मरते. नर सोबत नसताना मादीने अंडी घातली तरी लगेच फेकू नका, आधीच्या मिलनाचे शुक्राणू ती साठवून ठेवू शकते, आणि जंगलातून पकडलेल्या माद्या तर बऱ्याचदा गाभण असतानाच दुकानात येतात.

अंडी काढायची झालीच तर ती जशी सापडली तशीच उचलायची. वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका करून ठेवा, कारण पक्ष्यांच्या अंड्यांसारखी ही फिरवायची नसतात, आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो आणि अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. छोट्या डब्यात ओलं व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं, खनिजाचं दाणेदार माध्यम) घ्यायचं, मुठीत दाबलं तर पाणी टपकता कामा नये एवढंच ओलं. इनक्युबेटर लागत नाही, २० ते २४ अंश पुरे, उलट जास्त गरमीनेच अंडी वाया जातात. फलित अंडं पाणी शोषून फुगत जातं, रिकामं असेल तर पिवळं पडून बसतं आणि बुरशी धरतं. साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लू कवच फाडून बाहेर येतं. अनेक जण तर अंडी टाकीतून काढतच नाहीत आणि एक दिवस पानांवर काडीएवढं काहीतरी चालताना दिसलं की मग धावपळ सुरू होते.

धावपळ कसली तर खाण्याची, आणि इथेच बहुतेकांचं फसतं. पिल्लू जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचं, त्याच्या तोंडात मावेल असा जिवंत किडा पाहिजे आणि तो रोज पाहिजे. ड्रोसोफिला म्हणजे केळ्यांवर घोंगावणाऱ्या त्या चिलटांची न उडणारी जात बाटल्यांत वाढवतात. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर २-३ मिलिमीटरची असते, बाटलीत तिची पुढची पिढी यायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे पिल्लं निघाल्यावर बाटली लावली तर उशीर झाला. अंडी दिसली त्याच आठवड्यात पहिली बाटली लावायची, मग दर आठवड्याला एक, म्हणजे एखादी बुरशीने गेली तरी घरात दुसरी असते (घरच्यांना चिलटांबद्दल आधीच सांगून ठेवलेलं बरं). जोडीला मातीत स्प्रिंगटेल म्हणजे ओल्या मातीत राहणारे इवलेसे उड्या मारणारे जीव सोडतात, ते आपले आपण वाढतात आणि पिल्लं दिवसभर टिपत बसतात. नुकतेच निघालेले टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, म्हणजे क्रिकेटही चालतात. किड्यांवर अधूनमधून कॅल्शियमची पावडर भुरभुरायची, नाहीतर हाडं मऊ पडतात. वाटीतलं पाणी यांना कळत नाही, पानांवरचे थेंब चाटतात, म्हणून दिवसातून एक-दोनदा बारीक फवारा, पण टाकीत तळं करायचं नाही.

हौसेला दुसरी बाजू पण आहे. २०१६ च्या जोहान्सबर्ग बैठकीत हे दोन्ही वंश साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर व्यापार नाही, आणि त्याच वर्षी टांझानियाने जिवंत वन्यप्राण्यांची निर्यात थांबवली. काही जातींची जंगलंच संपत आली आहेत. मलावीतल्या चॅपमन पिग्मीचं जंगल तुटत होतं म्हणून १९९८ मध्ये ३७ सरडे मिकुंडी इथल्या दुसऱ्या जंगलात नेऊन सोडले होते. मूळ ठिकाणची जात संपली असंच वाटत होतं, पण २०१६ मध्ये उरलेल्या तुकड्यांत ती पुन्हा सापडली.

भारतात असा साइट्समधला परदेशी प्राणी घरी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. आपल्याकडचा घोयरा सरडा हा खरा कॅमेलिऑनच, पण तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे, बागेत दिसला तर तिथेच राहू द्यायचा.