सायक्लोमॅटिक की कॉग्निटिव्ह? एकाच फंक्शनचे दोन आकडे

पुल रिक्वेस्टवर, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवर, कोड तपासणाऱ्या टूलचा लाल शेरा उमटतो: या फंक्शनची कॉम्प्लेक्सिटी (गुंतागुंत) मर्यादेबाहेर आहे. मग फंक्शनचे तुकडे पाडायचे, आकडा खाली आला की मर्ज करायचं. नेमकी कोणती कॉम्प्लेक्सिटी मोजली गेली, हे क्वचितच कुणी विचारतं. टूलमध्ये बहुधा दोनपैकी एक असते, सायक्लोमॅटिक किंवा कॉग्निटिव्ह. दोन्ही फंक्शनला एक आकडा देतात आणि दोन्हींत 'इफ' आणि 'फॉर' मोजले जातात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालेल असं वाटतं. ते चालत नाही.

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली मांडली. तिच्या मुळाशी ग्राफ थिअरी आहे. कोडचा प्रवाह बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा अशा आकृतीत काढायचा आणि कडांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून २ मिळवायचे. प्रत्यक्षात एवढंही करावं लागत नाही. फंक्शनमध्ये जितके निर्णय आहेत ते मोजायचे आणि त्यात १ मिळवायचा. प्रत्येक 'इफ', प्रत्येक लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग), 'स्विच'मधली (एका किमतीनुसार अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना) प्रत्येक 'केस' म्हणजे एकेक निर्णय. बहुतेक टूल 'अँड' आणि 'ऑर'ही मोजतात. 'एल्स'ला वेगळा गुण नाही, कारण तो फाटा 'इफ'नेच आधी पाडलेला असतो. हाती येतो तो फंक्शनमधल्या एकमेकांपासून स्वतंत्र वाटांचा आकडा. म्हणजे सगळे फाटे तपासायला साधारण किती टेस्ट लिहाव्या लागतील याचा अंदाज.

कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी तिच्यापेक्षा बरीच तरुण. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात सोनारसोर्स या कंपनीने ती आणली. तिच्यामागे गणिती सिद्धान्त नाही, वाचणाऱ्याला कुठे अडखळायला होतं याचा विचार आहे. कोड वरून खाली सरळ वाचत असताना प्रवाह जिथे तुटतो तिथे एक गुण. तो तुटलेला प्रवाह दुसऱ्या लूपच्या किंवा अटीच्या पोटात असेल, तर जितके थर खोल तितके गुण जास्त. आख्ख्या 'स्विच'ला मात्र एकच गुण, कारण एकाच व्हेरिएबलच्या किमती ओळीने वाचताना डोकं शिणत नाही. सलग चार अटी 'अँड'ने जोडल्या तरी त्या साखळीचा एकच गुण. मध्येच 'ऑर' घुसला की आणखी एक.

नियम असे नुसते वाचून फरक अंगी लागत नाही. दोन फंक्शन घेऊ. पहिलं अगदी साधं: १ ते ७ मधला अंक द्या, वाराचं नाव परत घ्या. आत सात 'केस'चा एक 'स्विच' आणि शेवटी, यातलं काहीच नसेल तर, 'डिफॉल्ट'. दुसरं असं:

प्रत्येक ग्राहकासाठी (+१)
— जर खातं चालू असेल (+२)
—— त्याच्या प्रत्येक बिलासाठी (+३)
——— जर मुदत उलटली असेल (+४)
———— स्मरणपत्र पाठव

कंसातले गुण कॉग्निटिव्हचे आहेत, बेरीज १०. याच फंक्शनची सायक्लोमॅटिक चार निर्णय अधिक एक, म्हणजे ५. आता वारांच्या फंक्शनकडे वळा. तिथे सायक्लोमॅटिक ८ आणि कॉग्निटिव्ह फक्त १. पहिलं मोजमाप म्हणतं वारांचं फंक्शन जास्त गुंतागुंतीचं, दुसरं म्हणतं बिलांचं. आणि दोन्ही खरं बोलतात. वारांच्या फंक्शनला आठ टेस्ट लागतीलच. पण ते वाचताना कुणी थांबणार नाही, बिलांचं वाचताना मात्र चौथ्या थरावर पोचेपर्यंत वरच्या तीन अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात.

खरी गंमत उपायांत आहे. बिलांच्या फंक्शनमधलं आतलं लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढा. आता मूळ आणि नव्या, दोन्ही फंक्शनमध्ये एक लूप आणि त्याच्या पोटात एक अट आहे, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रत्येकी ३, एकूण ६. दहावरून सहावर. सायक्लोमॅटिक प्रत्येकी ३, एकूण ६, आणि आधी ती ५ होती! म्हणजे एकूण बेरीज वाढली. त्यात नवल नाही: निर्णय तेवढेच राहिले, फक्त फंक्शन दोन झाली आणि प्रत्येक फंक्शनचा मूळचा १ जास्त मोजला गेला. एकात एक अडकवलेल्या तीन 'इफ'चंही तसंच. त्यांच्याऐवजी 'अट पुरी होत नसेल तर इथूनच परत फीर' अशा तीन ओळी सुरुवातीला लिहिल्या, तर कॉग्निटिव्ह ६ वरून ३ वर येते, सायक्लोमॅटिक ४ ची ४ च राहते.

उलट वारांच्या 'स्विच'च्या जागी सात नावांची यादी ठेवून अंकावरून नाव उचललं, वर अंक यादीबाहेरचा नाही ना एवढंच एका 'इफ'ने पाहिलं, की सायक्लोमॅटिक ८ वरून २ वर घसरते. कॉग्निटिव्ह १ होती, १ च राहते. कोड आटोपशीर झाला हे खरं, पण आधीही वाचायला अवघड नव्हताच.

म्हणून वाचनीयतेसाठी सायक्लोमॅटिकची मर्यादा लावणाऱ्या टीमचं मला नवल वाटतं. त्या मर्यादेपायी निरुपद्रवी 'स्विच'ची तीन फंक्शन होतात आणि चार थरांचं लूप ५ गुणांवर सुखाने पास होतं. मॅककेब यांनी स्वतः १० ही मर्यादा सुचवताना ती वाजवी आहे, जादूची नाही, असं म्हटलं होतं आणि लांबलचक 'केस'च्या मालिकेला तिच्यातून सूट दिली होती. मर्यादा टिकली, सूट विसरली गेली. टेस्ट किती लिहायच्या, कुठलं फंक्शन टेस्टविना सोडणं धोक्याचं, या प्रश्नांसाठी मात्र सायक्लोमॅटिकच हवी. तिथे कॉग्निटिव्ह कुचकामी आहे: तिच्या १ गुणामागे आठ वाटा लपलेल्या असू शकतात.

कॉग्निटिव्हचा वाचनाशी खरंच संबंध आहे का, हेही तपासलं गेलं आहे. स्टुटगार्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये जुन्या प्रयोगांतल्या ४२७ कोडतुकड्यांचा आढावा घेतला. कोड समजायला लागणारा वेळ आणि वाचणाऱ्यांनी स्वतः दिलेलं मत, या दोन्हींशी तिचा मेळ दिसला. समजलेलं बरोबर होतं की चूक, याबाबतीत चित्र संमिश्र निघालं.

आणि दोघींनाही न दिसणारं बरंच आहे. व्हेरिएबलचं नाव 'टेंप२' असो की 'थकबाकी', आकडा तोच. फंक्शन स्वतःच्या बाहेरचा, सगळ्या कोडचा सामायिक (ग्लोबल) डेटा गुपचूप बदलत असेल, तरी गुण शून्य. दहा ओळींचं काम सहा फाइलींत विखुरलं, तर प्रत्येक तुकड्याचा आकडा देखणा येतो आणि वाचणारा फाइलींमधून उड्या मारत बसतो.

टूल बसवताना एक काळजी घ्या: मर्यादा एका मोजमापावरून दुसऱ्यावर उचलून टाकू नका. कोड तपासणाऱ्या टूलपैकी चेकस्टाइलमध्ये सायक्लोमॅटिकची ठरलेली मर्यादा १० आहे, ईएसलिंटमध्ये २०, तर सोनारक्यूबमध्ये बहुतेक भाषांसाठी कॉग्निटिव्हची १५. हे १० आणि १५ एका पट्टीवरचे नाहीत. जुन्या कोडबेसवर नियम एकदम लागू केला, तर शेकडो इशारे येतात आणि आठवड्याभरात सगळे तिकडे बघणं सोडतात. नव्या आणि बदललेल्या फंक्शनपुरताच तो लावा. जुन्यातलं फक्त तेच हाती घ्या, ज्याचा आकडा मोठा आहे आणि जे गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या) इतिहासात पुन्हा पुन्हा बदललेलं दिसतं. ४० गुणांचं एखादं फंक्शन पाच वर्षं कुणी उघडलंच नसेल, तर ते तसंच राहू द्या.