सुनावणीआधीचा निकाल : विज्ञानकथा मालिकांनी ओळखलेली झुंड

समाजमाध्यमांवरच्या झुंडीच्या न्यायाबद्दल बोलणं निघालं की 'ब्लॅक मिरर' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचं नाव आधी येतं. पण दूरचित्रवाणीवर ही कथा इंटरनेटच्या कितीतरी आधी अवतरली होती.

एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा १९५५ मध्ये वंशद्वेषातून खून झाला. त्यावरून सुचलेलं रॉड सर्लिंग यांचं नाटक पुढच्याच वर्षी पडद्यावर आलं, पण प्रायोजकांच्या धास्तीपायी त्यातला मूळ विषय ओळखू येणार नाही इतका पुसला गेला. सर्लिंग १९५९ मध्ये 'द ट्वायलाइट झोन' या विज्ञानकथा मालिकेकडे वळले. जे शेजाऱ्याबद्दल बोलता येत नव्हतं, ते परग्रहाच्या आडून बोलता येऊ लागलं. तिच्या ४ मार्च १९६०च्या भागात मेपल स्ट्रीटवरची वीज जाते, आपल्यात कोणीतरी परग्रहवासी आहे अशी कुजबुज सुरू होते आणि रात्र पडेपर्यंत सभ्य शेजारी एकमेकांच्या जिवावर उठतात. या साऱ्या परंपरेचं बीज मला इथेच दिसतं.

तोवर न्याय करणारी माणसं निदान रस्त्यावर समोरासमोर उभी होती. जानेवारी १९८५ मध्ये बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेने त्यांना घरात बसवलं. फिलिप मार्टिन यांच्या 'व्हेंजन्स ऑन व्हॅरोस'मध्ये लोक पडद्यावर छळ पाहतात आणि बटण दाबून मत देतात. राज्यपाल मतदानात हरला की त्याच्यावर तिथल्या तिथे जीवघेण्या किरणांचा मारा होतो. अराक आणि एट्टा हे जोडपं हे सगळं पाहत घरात वाद घालत बसतं. ज्याला शिक्षा द्यायची त्याच्या नजरेला नजर देण्याची गरजच उरत नाही, ही गोष्ट या कथेने फार लवकर हेरली.

ते बटण वीस वर्षांनी खरोखर आलं. मतं देऊन मजकूर वर-खाली करता येणारं रेडिट हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झालं, फेसबुकचं लाइक फेब्रुवारी २००९ मध्ये आलं आणि त्याच वर्षी ट्विटरने रिट्विटची सोय दिली. डिसेंबर २०१३ मध्ये लंडनहून केपटाउनला निघालेल्या एका महिलेने विमान सुटण्याआधी एक वाईट विनोद ट्विट केला. अकरा तासांचा प्रवास संपेपर्यंत जगभर तिची छी-थू झालेली होती. ती हवेत असल्यामुळे तिला उत्तर देणंही शक्य नव्हतं. पत्रकार जॉन रॉन्सन यांनी २०१५च्या पुस्तकात अशा माणसांच्या कहाण्या मांडल्या.

एव्हाना मालिकांनीही विषय उचलला होता. 'कम्युनिटी' या विनोदी मालिकेने मार्च २०१४ मध्ये गुण देणाऱ्या ॲपवर आख्खा भाग केला. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'ब्लॅक मिरर'चा 'नोजडाइव्ह' आला; त्यातली लेसी ४.२ गुणांवरून ४.५ वर जाण्यासाठी धडपडते, कारण हव्या त्या घराची सवलत त्यावर ठरते.

सेथ मॅकफार्लेन यांना मात्र रॉन्सन यांच्या पुस्तकातून विषय मिळाला. त्यांच्या 'द ऑरव्हिल' या अंतराळयानावरच्या मालिकेचा 'मेजॉरिटी रूल' हा भाग २६ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रसारित झाला. सारगस ४ या ग्रहावर प्रत्येकाच्या छातीवर मतांचा बिल्ला असतो. एक कोटी नापसंती मिळाल्या की मेंदूवर 'सुधारणा' करून माणसाचं माणूसपण काढून घेतात. वेशांतर करून तिथे उतरलेला यानावरचा लमार एका पूज्य स्त्रीच्या पुतळ्याशी अचकट नाचतो आणि त्याची चित्रफीत सगळीकडे पसरते. मग दूरचित्रवाणीवरून माफी मागत त्याला दारोदार फिरावं लागतं.

लमार वाचतो तो खरं सांगून नव्हे. त्याचा यानावरचा सहकारी आयझॅक हा यंत्रमानव ग्रहाच्या संगणकजाळ्यात शिरून त्याच्याबद्दल हळव्या, बनावट गोष्टी आणि छायाचित्रं पेरतो. लोक विरघळतात आणि आकडा एक कोटीच्या थोडा अलीकडे थांबतो. मला या भागातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही सुटकाच वाटते, कारण निर्दयपणे शिक्षा देणारी गर्दी क्षमाही तितक्याच कमी माहितीवर करते.