घरात कुणाला कॅन्सर झालाय? मग गुलाबी फॉर्म आधी नीट भरा की

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, तिकडनं गडहिंग्लज, कुठनं कुठनं माणसं आमच्याकडे एक्सरे, सोनोग्राफी आणि सिटी स्कॅनला येतात, आणि रोज चार-पाच जण तरी एकच गोष्ट विचारतात, "आमच्या आईला कॅन्सर होता, मला हे मशीन चालतंय का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पण तो काउंटरवर न विचारता मशीनच्या टेबलावर झोपल्यावर विचारतात, आणि तिथंच सगळा खोळंबा होतो. म्हणून हा कागद छापलाय.

मागच्या महिन्यातलं सांगतो. एकोणतीस वर्षांची बाई, कमरेतनं पोटाकडं कळ, डॉक्टरांनी पोटाचा सिटी लिहून दिलेला. आमच्या गुलाबी फॉर्मवर "घरात कुणाला कॅन्सर?" समोर मोठ्या अक्षरात "नाही". गाऊन घालून टेबलावर झोपल्या, टेबल आत सरकायला लागलं तेव्हा आमच्या टेक्निशियन ताईंचा हात धरून हळूच म्हणाल्या, "आई चाळिशीच्या आतच गेली, स्तनाचा होता, मावशीला पण झालाय." मशीन थांबवलं, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते ओपीडीत, तिसऱ्या खेपेला उचलला. ते म्हणाले असं असेल तर आधी सोनोग्राफी बघा. मूत्रनळीच्या खालच्या टोकाला खडा स्पष्ट दिसला, सिटीची गरजच पडली नाही. चांगलंच झालं, पण ह्यात पंचवीस मिनिटं गेली, आणि बाहेर एक शुगरचे आजोबा सकाळपासनं उपाशी बसले होते. हेच काउंटरवर कळलं असतं तर पाच मिनिटांत निभावलं असतं.

लपवतात का ते आम्हाला कळतंय. सोबत सासू असते, पोरीचं लग्न ठरायचं असतं, लाईनीत गावातलंच कुणीतरी उभं असतं. म्हणून आता फॉर्म आतल्या खोलीत एकट्यानं भरायची सोय केलीय, ताईंना तोंडी सांगितलं तरी चालतंय, आणि तो फॉर्म रिपोर्टच्या पाकिटात जात नाही.

आता आम्ही एवढं का विचारतो ते सांगतो. एक्सरे आणि सिटीचे किरण शरीरातनं जाताना पेशीतल्या डीएनएला तोडतात. डीएनए म्हणजे दोन पिळांचं दावं समजा. एक पिळ तुटला तर दुसऱ्याच्या आधारानं लगेच जोडता येतो आणि तुमच्या-आमच्या शरीरात हे काम दिवसरात्र चालूच असतं, किरण नसले तरी. दोन्ही पिळ एकाच जागी तुटले की अवघड, तिथं जोडणारी खास यंत्रणा लागते. बीआरसीए-१, बीआरसीए-२, एटीएम ही जी जीन्सची, म्हणजे आईबापाकडनं येणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांची, नावं तुम्ही मोबाईलवर वाचता ती ह्याच जोडाजोडीच्या कामाची. टीपी-५३ नावाचं जीन पेशी बिघडली की तिला थांबवतं नाहीतर मारून टाकतं. काही घरांत ह्यातल्या एखाद्या जीनची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. अशा माणसात तुटलेलं नीट जोडलं न जाण्याची शक्यता जास्त, म्हणजे तेवढेच किरण एकाला जेवढा धोका देतात त्यापेक्षा दुसऱ्याला जास्त देऊ शकतात. जीन एकटं नाही, किरण एकटे नाहीत, दोन्ही मिळून हिशोब होतो, त्यात वय पण धरायचं. लहान पोरांना आणि तरुण बायकांना धोका जास्त, कारण पेशी वाढत असतात आणि पुढं आयुष्य लांब असतं.

२०१२ साली इंग्लंड, फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या बीआरसीएत बिघाड असलेल्या जवळपास दोन हजार बायकांचा अभ्यास छापून आला. त्यात तिशीच्या आत छातीवर तपासणीचे किरण घेतलेल्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका न घेतलेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट दिसला. सगळ्या अभ्यासांत हे तितकंच ठळक आलेलं नाही, पण म्हणूनच अशा तरुण बायकांना दरवर्षीच्या तपासणीला आधी एमआरआय सांगतात, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्सरे, तिशीनंतर जोडतात. एमआरआयला आणि सोनोग्राफीला हे किरणच नसतात. एमआरआय आमच्याकडे नाही, त्यासाठी बेळगाव किंवा कोल्हापूरला जावं लागतं, आणि गरज असेल तर आम्ही स्वतः तसं सांगतो, गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसत नाही.

आता किती किरण ते बघा, कारण भीती आकड्याविना वाढते. जमिनीतनं, आकाशातनं, हवेतनं माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरण मोजायचं माप) असंच मिळतं. छातीचा एक एक्सरे ०.१ किंवा त्याहून कमी, म्हणजे फार तर पंधरा दिवसांचं. डोक्याचा सिटी साधारण २, पोटाचा ८ ते १०. सर्वसाधारण माणसाला १०० मिलिसिव्हर्टमागं आयुष्यभरात कॅन्सरनं मरण्याचा धोका दोनशेत एकानं वाढतो असं धरतात, त्या हिशोबानं पोटाचा एक सिटी म्हणजे दोन हजारांत एक. तंबाखूच्या धोक्यापुढं हे काहीच नाही, आणि आपण तर तंबाखूच्या पट्ट्यातच राहतोय. एक्सरेला घाबरणारा माणूस बाहेर येऊन पुडी फोडतो तेव्हा खरंच वाईट वाटतं.

म्हणून उलट बाजू पण तेवढ्याच जोरात सांगतो. गाडीवरनं पडून डोक्याला मार लागलेल्या पोराचा सिटी घरच्यांनी एक तास अडवून धरला, का तर आजोबांना घशाचा कॅन्सर होता. असं करू नका. ज्या दिवशी सिटीनं जीव वाचतो त्या दिवशी जीन बघत बसायचं नाही. घरात कॅन्सर असणं म्हणजे तपासणी बंद असं नाही, गरजेची तेवढीच आणि जमलं तर बिनकिरणाची, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तिसरे येतात ते म्हणतात, घरात दोघांना झालाय, माझा सगळ्या अंगाचा सिटी काढा, पैसे रोख देतो. डॉक्टरांची चिठ्ठी नसताना आम्ही सिटी काढत नाही, कितीही रागावलात तरी. ज्याच्या घरात खरंच जीनचा बिघाड असेल त्याला तर विनाकारण सिटी अजिबात नको.

फॉर्म भरताना कुठं चुकतं ते आता नीट वाचा. लोक लिहितात "छातीचा कॅन्सर". फुप्फुसाचा का स्तनाचा? दोन्हीचा अर्थ फार वेगळा. "पोटाचा" म्हणजे जठर, आतडं का अंडाशय? "पिशवीचा" लिहितात, म्हणजे गर्भाशयाचा, पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसनं होतो, त्याचा ह्या जीन्सशी तसा संबंध नाही. अंडाशयाचा असेल तर मात्र जरूर लिहा, तो आणि स्तनाचा एकाच घरात असणं ही महत्त्वाची खूण आहे. वय लिहा. पंचाहत्तरीत तंबाखू खाऊन तोंडाचा झालेले आजोबा आणि अडतिसाव्या वर्षी स्तनाचा झालेली आत्या, दोन्ही सारखं नाही. आणि हो, आत्या. लोक फक्त आईकडचं लिहितात, पण बिघडलेलं जीन बापाकडनं पण येतं, बापाला स्वतःला काही झालेलं नसलं तरी. एवढं वाचून घाबरू नका, शंभर कॅन्सरमधले पाच-दहाच असे घराण्यातनं येतात.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नं होतात म्हणून अजून एक सांगतो. एटीएमच्या दोन्ही प्रती बिघडलेलं मूल क्वचित जन्माला येतं, चालताना तोल जातो, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल शिरा दिसतात, सारखा संसर्ग होतो. अशा मुलाला किरण फार बाधतात. नात्यातलं लग्न असेल आणि पोराचं असं काही असेल तर एक्सरेच्या आधी सांगा, छोटा एक्सरे असला तरी.

कॅन्सरवर जे "लाईट देतात", ती रेडिएशन ट्रीटमेंट, ती आमच्याकडं होत नाही. तिथला डोस आमच्या मशीनच्या हजारो पट, पण तो गाठीपुरता आणि जीव वाचवायला. टीपी-५३चा बिघाड असेल तर तिथले डॉक्टर शक्यतो दुसरा उपाय बघतात, कारण त्याच जागी पुढं नवा कॅन्सर होऊ शकतो. त्यामुळं तिथं पण घरचं सगळं सांगा.

जीनची टेस्ट पण आमच्याकडं नाही. तुमच्या घरात पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कुठल्याही वयात अंडाशयाचा असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलला कॅन्सर जेनेटिक्सचं वेगळं क्लिनिक आहे. टेस्ट आधी ज्याला कॅन्सर झालाय त्या माणसाची करतात, मग बाकीच्यांची.

आमच्याबद्दल थोडं. एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं, लायसन काउंटरच्या मागं भिंतीवर लावलंय, आमच्या स्टाफच्या छातीवर किरण मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. पोरांसाठी मशीनचं सेटिंग वेगळं ठेवतो, मोठ्यांचा डोस पोराला देत नाही. गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर तेही त्याच फॉर्मवर लिहा.

जुन्या फिल्म, सीडी जे असेल ते पिशवीत घालून आणा, दुसरीकडं काढलेलं असलं तरी. पुष्कळदा त्यावरच काम भागतं आणि परत काढावं लागत नाही, आणि असलं बघून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. तुमच्या फिल्म आमच्याकडं पाच वर्षं कॉम्प्युटरवर राहतात, हरवली तर पहिली कॉपी फुकट. गुलाबी फॉर्म व्हॉट्सॲपवर मागवा, रात्री घरात आईला, काकूला, आत्याला विचारून भरा आणि सकाळी घेऊन या, फॉर्म भरून आणणाऱ्यांचा नंबर आम्ही आधी लावतो.