वैयक्तिक कार्यपद्धतीचा नियतकालिक आढावा

दैनंदिन कामे टिपून ठेवणे, त्यांचा क्रम लावणे आणि ती वेळेवर पार पाडणे यांसाठी माणूस जी साधने वापरतो, ती अजून उपयोगी पडत आहेत की नाहीत हे ठरावीक मुदतीने तपासण्याची रीत. खिशातली वही, भिंतीवरची दिनदर्शिका, मोबाइलमधील ॲप, कार्यालयीन ई-मेल आणि स्वतःलाच पाठवून ठेवलेले व्हॉट्सॲप संदेश ही सारी अशी साधने होत. त्यांपैकी कोणते ठेवायचे, कोणते सोडायचे आणि कोणती गोष्ट कुठे लिहायची, हे या आढाव्यातून ठरते.

कामांच्या यादीवरून नजर फिरवणे आणि ती यादी ज्या साधनात आहे ते साधन तपासणे, या दोन वेगळ्या गोष्टी असून व्यवहारात त्यांची फार गल्लत होते. पहिल्या तपासणीत ‘वीजबिल भरले का’ असा प्रश्न असतो. दुसरीत ‘बिलाची तारीख मला वेळेवर का समजली नाही, ती कुठे अडकली’ असा. ग्रंथालयातील साठा-पडताळणी हे याचे जवळचे उदाहरण आहे. पडताळणी करणारा पुस्तके वाचत बसत नाही. दाखल नोंदवहीतले पुस्तक सांगितलेल्या फडताळात सापडते का, एवढेच तो पाहतो, कारण नोंद आणि फडताळ यांचा मेळ सुटला की लोक नोंदवहीवर विसंबणे सोडून देतात. वैयक्तिक पद्धतीचेही तसेच आहे. यादीत सगळे आहे असा भरवसा उरला नाही, की माणूस पुन्हा डोक्यात कामे साठवू लागतो आणि यादी नुसती नावाला राहते. हा भरवसा टिकवणे हाच आढाव्याचा खरा हेतू मानला पाहिजे.

महाराष्ट्रात ही रीत वेगळ्या रूपात जुनीच आहे. व्यापारी रोजमेळात दिवसाचा जमाखर्च लिहून श्री शिल्लक मांडत, खतावणीत खातेवार नोंदी उतरवत, आणि दिवाळीत वहीपूजन करून नवी वही सुरू करताना जुनी बाकी पुढे ओढत. पुढे ओढण्यापूर्वी प्रत्येक बाकी डोळ्यांखालून जाई, आणि बुडीत येणे कोणते हे तेव्हाच ठरवावे लागे. घराघरांत हेच काम १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’ने केले. दुधाचे खाडे, सिलिंडर आल्याचा दिवस, विम्याच्या हप्त्याची तारीख असे बरेच काही ज्या घरांत तिच्या चौकोनांत लिहिले जाते, तिथे जुनी दिनदर्शिका उतरवण्यापूर्वी पुढील वर्षी लागणाऱ्या नोंदी नवीवर उतरवून घेतल्या जातात. हाही आढावाच होय.

पाश्चात्त्य परंपरेत बेंजामिन फ्रँकलिन यांची वही प्रसिद्ध आहे. तेरा सद्गुणांपैकी एकेकाकडे एक आठवडा विशेष लक्ष द्यायचे आणि चुका रोज तक्त्यात खुणेने नोंदवायच्या, असा त्यांचा क्रम होता. त्यामुळे एक फेरी तेरा आठवड्यांत संपे आणि वर्षात चार फेऱ्या होत. अलीकडच्या काळात अमेरिकी लेखक डेव्हिड ॲलन यांच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या २००१ सालच्या पुस्तकाने साप्ताहिक आढाव्याची कल्पना जगभर नेली. रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या बुलेट जर्नल या साध्या वहीत नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत अपुरी कामे दर महिन्याला हाताने पुन्हा लिहावी लागतात. हे कष्ट मुद्दाम ठेवलेले आहेत: जे काम पुन्हा लिहिण्याचाही कंटाळा येतो, ते करण्याजोगे आहे का, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. संगणकावरील यादीत ही गाळणी नसते, म्हणूनच ती फुगत जाते.

अपुरी कामे मनात रेंगाळतात हे निरीक्षण मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. अशी कामे अधिक चांगली लक्षात राहतात हा त्यांचा निष्कर्ष पुढील सर्व प्रयोगांत सारखा आढळलेला नाही. मानसशास्त्रज्ञ मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवले, की अपुऱ्या कामाची नेमकी योजना केल्यावर त्याचा मनातला उपद्रव घटतो, काम झालेले नसले तरीही. मात्र ही योजना पुन्हा नजरेस न येणाऱ्या जागी लिहिली, तर हा दिलासा फसवा ठरू शकतो.

ठाणे आणि नवी मुंबई या परिसरात आढाव्याची गरज विशेषतः प्रवासामुळे जाणवते. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून हे शहर रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे. २००४ मध्ये ठाणे आणि नवी मुंबई यांना जोडणारा ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्ग सुरू झाल्यावर ऐरोली, रबाळे, घणसोलीकडचा प्रवासही थेट रेल्वेने होऊ लागला. दक्षिण मुंबईतल्या फोर्टमध्ये नोकरी असलेला माणूस ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल पकडून, खिडकी मिळाल्यास, तासभर बसून दिवसाची आखणी करू शकतो. त्याचेच कार्यालय ऐरोलीला हलले तर प्रवास दहा-बारा मिनिटांवर येतो, वेळ वाचतो, आणि तरीही कामे निसटू लागतात. दोष ॲपचा नसतो, वहीचाही नसतो. ज्या निवांत तासावर सारी पद्धत उभी होती तो तासच गेलेला असतो, आणि तो पद्धतीचा भाग होता हे कधी लिहून ठेवलेले नसते. म्हणून नोकरी, घर, मुलांची शाळा किंवा कामाची पाळी बदलली, की ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आढावा घ्यावा. साधनाची कसोटीही प्रत्यक्ष वापराच्या जागीच लागते. गर्दीत एका हाताने कडी धरून उभे असताना जिथे नोंद करता येत नाही, ते साधन घरी टेबलावर कितीही देखणे वाटले तरी अशा प्रवाशाच्या कामाचे नाही.

मुदत कोणती असावी, याबाबत एकमत नाही. यादीसाठी आठवडा आणि साधनांसाठी तीन महिने हे अंतर बहुतेकांना झेपते. रेल्वेचा त्रैमासिक पास काढणाऱ्यांना नूतनीकरणाची तारीख ही आयतीच खूण आहे, आणि ती फ्रँकलिन यांच्या तेरा आठवड्यांशी जुळते.

पद्धतीबाबत कारखान्यांकडून घेण्याजोगी एक युक्ती आहे. ‘फाइव्ह एस’ या जपानी शिस्तीची पहिली पायरी ‘सेइरी’, म्हणजे लागणारे ठेवणे आणि न लागणारे दूर करणे. जिच्याविषयी शंका आहे अशा वस्तूला लाल चिठ्ठी लावून ती बाजूला ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीत तिची कोणाला गरज पडली नाही, तर ती काढून टाकतात. ठाण्यातील वागळे इस्टेट किंवा ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात काम केलेल्यांना ही चिठ्ठी ठाऊक असेल. मोबाइलमधील शंकास्पद ॲप पडद्यावरून महिनाभर हलवून ठेवणे हे तिचेच रूप. उरलेल्या साधनांपैकी प्रत्येकाला एकच काम नेमून द्यावे, कारण एकच तारीख दोन ठिकाणी लिहिली की बदल एकीकडेच होतो आणि मग दोन्ही नोंदी संशयास्पद ठरतात.

साधनावरचे अवलंबित्वही तपासावे लागते. कामांच्या याद्या ठेवण्याचे ‘वंडरलिस्ट’ हे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. ‘एव्हरनोट’ या टिपणांच्या ॲपने २०२३ च्या अखेरीस विनामूल्य खात्यांवर पन्नास नोंदींची मर्यादा घातली. आपल्या नोंदी साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात का, हे म्हणूनच साधन चालू असतानाच करून पाहावे.

आढाव्याच्या नावाखाली दर महिन्याला नवे ॲप आणणे हा या रीतीचा सर्वांत मोठा दुरुपयोग होय. जुन्या नोंदी नव्या साधनात हलवताना काम केल्याचे समाधान मिळते आणि अवघड काम तसेच पडून राहते. वारंवार पुढे ढकलल्या गेलेल्या कामाचे कारण बहुधा साधनात नसून कामाच्या अस्पष्ट मांडणीत असते: ‘सोसायटीचे बघणे’ ही नोंद कोणत्याही ॲपमध्ये पडूनच राहील, ‘शनिवारी सचिवांकडून गळतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक घेणे’ ही मात्र साध्या वहीतही पुरी होऊ शकते.