दातांची सणक आणि नसेचा ठणका

थंड पाणी, आइस्क्रीम, चिंच किंवा गोड लागताच दातात क्षणभर तीव्र कळ जाते, तिला सणक म्हणतात. काही न खाता आपोआप सुरू होणारे, नाडीच्या ठोक्यागणिक जाणवणारे दुखणे म्हणजे ठणका. दोन्ही नसेचीच दुखणी, पण उपचार अगदी वेगळे. थंड बाजूला केल्यावर कळ किती वेळ राहते, यावरून निदानाची दिशा ठरते.

दातावरच्या कठीण एनॅमलमध्ये नस नसते. त्याखालच्या डेंटिनमधून मात्र एक-दोन मायक्रॉन रुंदीच्या, द्रवाने भरलेल्या असंख्य नलिका आतल्या पल्पपर्यंत जातात आणि नस व रक्तवाहिन्या या पल्पमध्येच असतात. डेंटिन उघडे पडले की गारवा, वारा किंवा गोडाने नलिकांतला द्रव हलतो आणि नस ती हालचाल टिपते. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी भक्कम केलेली ही उपपत्ती आज सर्वाधिक मान्य आहे.

डेंटिन बहुधा हिरडीलगत उघडे पडते, कारण मुळावर एनॅमलचे कवच नसतेच. ब्रश आडवा आणि दाबून घासला की हिरडी मागे सरकते आणि सुळे व त्यामागच्या लहान दाढांवर पाचरीच्या आकाराची खाच पडते. तिथे नुसते नख लागले तरी सणक जाते. मिश्री, राखुंडी आणि खरखरीत मंजनानेही दात असेच झिजतात. झोपेत दात खाणे, रोजचे कोल्ड्रिंक आणि आम्लपित्तामुळे तोंडात येणारे आंबट पाणी ही आणखी कारणे. दात साफ करून घेतल्यावरही काही दिवस ते शिवशिवतात, कारण किटणाखाली झाकलेली मुळे उघडी होतात. सफाईने दात सैल होतात हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेकजण हिरड्यांचा आजार वाढू देतात.

सणकेवर पाच टक्के पोटॅशियम नायट्रेटची फ्लोराइडयुक्त पेस्ट दिवसातून दोनदा वापरावी. मऊ ब्रश हिरडीशी ४५ अंशांत धरून दोन मिनिटे हलक्या हाताने फिरवावा. नंतर फेस फक्त थुंकावा; लगेच चूळ भरली तर औषध धुऊन जाते. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक आठवडाभरातच पेस्ट बदलतात. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश करू नये. एवढ्याने भागले नाही तर दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावतात किंवा खाच भरतात.

कीड पल्पपर्यंत पोचली की सूज येते आणि कठीण भिंतींत कोंडलेल्या पल्पला फुगायला जागा नसते. थंडाची कळ काही सेकंदांत थांबत असेल तर कीड काढून दात भरल्यास पल्प बहुधा वाचतो. ती अर्धा मिनिट किंवा अधिक रेंगाळली, गरम चहाने वाढली, आडवे पडताच ठणका झोपू देईना, तर सहसा रूट कॅनलची, म्हणजे पल्प काढून मुळातली पोकळी भरण्याची, वेळ आलेली असते. अशा वेळी रुग्ण अनेकदा चुकीचा दात दाखवतो. खालच्या दाढेची कळ वरच्या जबड्यात किंवा कानात जाणवते. म्हणून थंड लावून, ठोकून आणि एक्स-रे काढून खात्री केल्याशिवाय दात उघडू नये. चावताना, विशेषतः दाब सोडताना कळ येत असेल तर तडा शोधावा. सुपारी फोडणाऱ्यांच्या दाढांना तो जातो आणि एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही.

रूट कॅनलमध्ये भूल देऊन, रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून पल्प काढतात. मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडेपर्यंत फाइल (सुईसारखी बारीक कानस) फिरवतात, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने कालवा, म्हणजे मुळातली अरुंद पोकळी, धुतात आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात. वरच्या पहिल्या दाढेत बहुतेकदा चौथा, अरुंद कालवा असतो. तो राहून गेला की दुखणे परतते. दाढेवर कॅप बसवणे लांबवले तर दाढ फुटू शकते, आणि सगळा खर्च वाया जातो.

लवंग तेल कापसावर थोडेसे, किडलेल्या खड्ड्यापुरतेच लावावे. हिरडीला लागल्यास भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यानेही जखम होते. प्रौढांना जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम उपयोगी पडते. पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असल्यास आयबुप्रोफेन घेऊ नये. पल्पच्या सुजेवर अँटिबायोटिक काम करत नाही. उपचाराविना ठणका अचानक थांबला तर बहुधा नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाखाली चालूच राहतो. ताप आला, जबड्याखाली सूज पसरली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.